सिन्नरच्या लाइनवर कॅमेऱ्यांचा मल्टिकास्ट अडवायचाय. एसीएल लावली तर डिनायवर एकही हिट नाही

अंबड_नेटवर्क

मंडळी, मांडणी आधी सांगतो. (मल्टिकास्ट म्हणजे एकच प्रवाह, ग्रुपच्या पत्त्यावर, मागतील त्या सगळ्यांना. एसीएल म्हणजे राउटरवरची परमिट-डिनायची यादी, हिट म्हणजे त्या ओळीत किती पॅकेट बसली तो आकडा.)

अंबड एमआयडीसीतला प्लांट, तिथे सिस्कोचा राउटर, आयओएस एक्सई. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत गोदाम, मध्ये ५० एमबीपीएसची पॉइंट-टू-पॉइंट लाइन. दोन्हीकडे ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) आणि पीआयएम स्पार्स मोड (मल्टिकास्ट मागेल त्यालाच पोचवायची पद्धत). आरपी, म्हणजे ग्रुपचे पाठवणारे आणि घेणारे जिथे जुळतात तो राउटर, स्टॅटिक, अंबडच्या राउटरचाच लूपबॅक १०.२०.२५५.१.

अंबडला ४८ कॅमेरे, व्हीलॅन २० मध्ये (व्हीलॅन म्हणजे स्विचवरचं वेगळं जाळं), १०.२०.२०.०/२४. प्रत्येकाचा स्वतंत्र ग्रुप, २३९.१०.१.१ ते २३९.१०.१.४८, प्रत्येकी ४ एमबीपीएस. सूचना देण्याचे स्पीकर दोन्ही ठिकाणी आहेत, त्यांचा ग्रुप २३९.०.०.५. सिन्नरलाही सहा कॅमेरे, २३९.१०.९.० च्या रांगेत. ऑफिसचे पीसी व्हीलॅन ४० मध्ये.

अडचण अशी की सिन्नरच्या चौकीतल्या पीसीवर कोणी 'सगळे कॅमेरे' हा व्ह्यू उघडला की १९२ एमबीपीएस ५० च्या लाइनवर चढतात. चित्र तर फाटतंच, ईआरपीही (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) मरतं. हवंय एवढंच: सिन्नरला फक्त स्पीकरचा ग्रुप आणि गेटचे दोन कॅमेरे, २३९.१०.१.१ व २३९.१०.१.२. ऑफिसच्या व्हीलॅनला कॅमेरा एकही नको.

पहिला प्रयत्न, अंबडच्या राउटरवर, सिन्नरकडच्या इंटरफेसला:

ॲक्सेस-लिस्ट १५ डिनाय २३९.१०.१.० ०.०.०.२५५
ॲक्सेस-लिस्ट १५ परमिट एनी
आयपी ॲक्सेस-ग्रुप १५ आउट

काहीच फरक नाही. शो ॲक्सेस-लिस्टमध्ये डिनायवर शून्य, सगळे हिट परमिट एनीवर.

दुसरा प्रयत्न, सिन्नरच्या राउटरवर, लाइनच्या इंटरफेसला:

ॲक्सेस-लिस्ट ११५ परमिट यूडीपी एनी होस्ट २३९.०.०.५
ॲक्सेस-लिस्ट ११५ परमिट आयपी १०.२०.०.० ०.०.२५५.२५५ १०.३०.०.० ०.०.२५५.२५५
आयपी ॲक्सेस-ग्रुप ११५ इन

यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास ओएसपीएफचा शेजारी डाउन, लॉगमध्ये डेड टायमर एक्स्पायर्ड. काढून टाकलं. कुठे चुकतंय?

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, डिव्हाइसवर अर्थातच रोमनमध्ये.)

---

गोदाकाठचा_पॅकेट

दादा, दोन्ही प्रयत्न वेगवेगळ्या कारणांनी पडलेत.

आधी १५ नंबरची. १ ते ९९ म्हणजे स्टँडर्ड लिस्ट. ती इंटरफेसला ॲक्सेस-ग्रुपने टांगली की पॅकेटचा सोर्स बघते, दुसरं काही नाही. कॅमेऱ्याच्या पॅकेटचा सोर्स १०.२०.२०.११ वगैरे, २३९ हा नेहमी डेस्टिनेशन. मल्टिकास्ट पत्ता सोर्सच्या जागी कधी येतच नाही, त्यामुळे तुमची डिनायची ओळ जन्मभर शून्यावर राहणार.

पण हीच लिस्ट, अक्षर न बदलता, आयपी मल्टिकास्ट बाउंड्री (ग्रुपची हद्द) किंवा आयपी आयजीएमपी ॲक्सेस-ग्रुप (आयजीएमपी म्हणजे पीसीने राउटरकडे ग्रुप मागायची पद्धत) यांना दिलीत तर तिथे तोच पत्ता ग्रुप म्हणून वाचला जातो. गोंधळाचं मूळ इथे आहे. लिस्टच्या ओळीला स्वतःचा अर्थ नसतो, ती कुठे टांगली त्यावरून ठरतो:

आयपी ॲक्सेस-ग्रुपवर स्टँडर्ड लिस्ट – पॅकेटचा सोर्स
आयपी ॲक्सेस-ग्रुपवर एक्स्टेंडेड – सोर्स आणि डेस्टिनेशन, ग्रुप डेस्टिनेशनच्या जागी
आयजीएमपी ॲक्सेस-ग्रुपवर स्टँडर्ड – कोणत्या ग्रुपला जॉइन होऊ द्यायचं
मल्टिकास्ट बाउंड्रीवर स्टँडर्ड – कोणता ग्रुप ही हद्द ओलांडू शकतो

आता ११५. शेवटी न दिसणारं डिनाय एनी एनी असतं. ओएसपीएफचा हेलो ('मी जिवंत आहे' असा निरोप) २२४.०.०.५ ला जातो, आयपी प्रोटोकॉल ८९. पीआयएमचा हेलो २२४.०.०.१३ ला, प्रोटोकॉल १०३. तुमच्या दोन ओळींत दोघांनाही जागा नाही. ओएसपीएफचा हेलो दर १० सेकंदांनी, डेड ४० सेकंद. म्हणून शेवटच्या हेलोपासून ४० सेकंदांत शेजारी गेला. पीआयएमचा होल्ड-टाइम १०५ सेकंद, लिस्ट आणखी मिनिटभर ठेवली असतीत तर तोही गेला असता. १५ आउट लावली तेव्हा असं काही झालं नाही, कारण परमिट एनी होतंच. शिवाय राउटरने स्वतः तयार केलेल्या पॅकेटना त्याची स्वतःची आउट लिस्ट लागत नाही. इनवाल्या लिस्टमध्ये समोरच्याचे हेलो मात्र सरळ मरतात.

तुमच्या कामाला बाउंड्री योग्य. अंबडच्या राउटरवर, सिन्नरकडच्या इंटरफेसला:

ॲक्सेस-लिस्ट २१ परमिट २३९.०.०.५
ॲक्सेस-लिस्ट २१ परमिट २३९.१०.१.१
ॲक्सेस-लिस्ट २१ परमिट २३९.१०.१.२

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०/१
आयपी मल्टिकास्ट बाउंड्री २१

इथे शेवटचं न दिसणारं डिनाय आपल्याच बाजूने आहे: यादीत नाही तो ग्रुप या हद्दीपलीकडे जात नाही. युनिकास्टला बाउंड्री हात लावत नाही, ईआरपीची काळजी नको. ओएसपीएफ, पीआयएमचे हेलोही चालू राहतात.

एक्स्टेंडेड लिस्ट आउटला लावूनही पॅकेट थांबतील, मग बाउंड्रीच का? कारण साधी एसीएल फक्त डेटा फेकते. सिन्नरचा पीआयएम जॉइन (ग्रुपची मागणी) अंबडला पोचलेला असतो, एमराउटमध्ये (मल्टिकास्टच्या वाटांचा तक्ता) तो इंटरफेस आउटगोइंग यादीत चढलेला असतो, राउटर प्रत्येक पॅकेटची प्रत बनवतो आणि दारात फेकतो. तुमच्याकडे कॅमेरे त्याच राउटरला जोडलेत म्हणून फार बिघडणार नाही. मध्ये आणखी एक राउटर असता तर १९२ एमबीपीएस तिथपर्यंत ओढले गेले असते, नुसते फेकण्यासाठी. बाउंड्री जॉइनच मानत नाही. प्रवाह उगमाशी थांबतो.

लावल्यावर लगेच तपासू नका, किंवा तपासायचंच तर आधी जुनी नोंद काढा. पीआयएम जॉइनचा होल्ड-टाइम २१० सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटं जुनी स्थिती रेंगाळू शकते.

क्लिअर आयपी एमराउट २३९.१०.१.७
शो आयपी एमराउट २३९.१०.१.७

आउटगोइंग यादीत गिगाबिट ०/०/१ दिसता कामा नये. क्लिअर आयपी एमराउट स्टार कामाच्या वेळेत नको, कंट्रोल रूममधले सगळे ४८ कॅमेरे एकदम गचका खातात.

लिस्टच्या ओळीला शेवटी लॉग लावायचा मोहही नको. १९२ एमबीपीएस, पॅकेट साधारण १४०० बाइटचं धरलं तर सेकंदाला सतरा हजारांच्या वर पॅकेट होतात. हिट मोजायला शो ॲक्सेस-लिस्ट पुरे.

---

तपोवन_ताई

सिन्नरचं उत्तर बरोबर आहे. ऑफिसच्या व्हीलॅनसाठी बाउंड्री नको, तिथे आयजीएमपीचा फिल्टर स्वच्छ बसतो:

ॲक्सेस-लिस्ट २२ परमिट २३९.०.०.५

इंटरफेस व्हीलॅन ४०
आयपी आयजीएमपी ॲक्सेस-ग्रुप २२

ऑफिसमधल्या कोणी व्हीएलसीमध्ये २३९.१०.१.३० टाकला तरी राउटर तो रिपोर्ट (पीसीचा जॉइनचा निरोप) कानाआड करेल. शो आयपी आयजीएमपी इंटरफेस व्हीलॅन ४० मध्ये इनबाउंड ॲक्सेस ग्रुप २२ लिहून आलं पाहिजे. आधीच जॉइन झालेले दोन-तीन मिनिटांत आपोआप गळतात, घाई असेल तर क्लिअर आयपी आयजीएमपी ग्रुप. जाता जाता २३९.२५५.२५५.२५० चा कचराही जातो. तो विंडोजवाल्यांचा एसएसडीपी (आसपासची उपकरणं शोधायची पद्धत), प्रत्येक पीसी त्याला जॉइन होतो आणि राउटरवर उगाच नोंद बनते. २२४.०.१.४० दिसला तर घाबरू नका, तो ग्रुप राउटर स्वतःच धरतो.

हा झाला घेणाऱ्यांचा बंदोबस्त. ऑफिसच्या व्हीलॅनमधून कोणी मल्टिकास्ट सोडू नये असंही वाटत असेल तर आयजीएमपी फिल्टरचा उपयोग नाही, कारण पाठवायला जॉइन व्हावं लागत नाही. तिथे साधी एक्स्टेंडेड लिस्ट, इनला:

ॲक्सेस-लिस्ट १४० परमिट आयजीएमपी एनी एनी
ॲक्सेस-लिस्ट १४० परमिट आयपी एनी २२४.०.०.० ०.०.०.२५५
ॲक्सेस-लिस्ट १४० डिनाय आयपी एनी २२४.०.०.० १५.२५५.२५५.२५५
ॲक्सेस-लिस्ट १४० परमिट आयपी एनी एनी

क्रम हलवू नका. पहिली ओळ का, ते सांगते. आयजीएमपी व्हर्जन २ चा रिपोर्ट ज्या ग्रुपला जॉइन व्हायचं त्याच पत्त्यावर जातो, स्पीकर २३९.०.०.५ ला जॉइन होतो तेव्हा रिपोर्टचं डेस्टिनेशनही २३९.०.०.५. डिनायची ओळ वर गेली तर रिपोर्टच मरतो. व्हर्जन ३ चे रिपोर्ट मात्र सगळे २२४.०.०.२२ ला जातात, ते दुसऱ्या ओळीतून निसटतात. इंटरफेसवर व्हर्जन ३ चालू असेल तर नवे पीसी चालतात आणि जुने स्पीकर बंद, असं विचित्र चित्र दिसतं आणि माणूस स्पीकर बदलत बसतो. सिस्कोचं डिफॉल्ट व्हर्जन २ आहे, त्यामुळे तुमच्याकडे सगळेच बंद पडले असते.

दुसरी ओळ २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ साठी. ही रांग राउटर कधीच पलीकडे पाठवत नाही, तिला अडवून मिळत काही नाही; उलट एका राउटरमागे दुसरा राखीव ठेवणाऱ्या पद्धतींचे निरोप इथेच असतात, व्हीआरआरपीचे २२४.०.०.१८ वर, एचएसआरपीचे २२४.०.०.२ किंवा २२४.०.०.१०२ वर; ते अडले की दोन्ही राउटर एकाच वेळी ॲक्टिव्ह होऊन बसतात.

तिसऱ्या ओळीतला वाइल्डकार्ड (पत्त्याचे कोणते बिट बघायचे नाहीत ते), १५.२५५.२५५.२५५, नीट टंका. बरेच जण सवयीने सबनेट मास्क २४०.०.०.० देतात. राउटर तक्रार करत नाही, गुपचूप ०.०.०.० २४०.०.०.० असं करून ठेवतो. शो रनमध्ये २२४ गायब झालेला दिसला की समजायचं, वाइल्डकार्ड उलटा पडलाय.

आणि एक मर्यादा. एकाच व्हीलॅनच्या आतल्या मल्टिकास्टला यातलं काहीच लागू नाही. कोणी आपला लॅपटॉप कॅमेऱ्यांच्या व्हीलॅन २० च्या पोर्टला लावला तर पॅकेट राउटरपर्यंत येतच नाही, स्विचवरच काम उरकतं. तिथे स्विचचं आयजीएमपी प्रोफाइल:

आयपी आयजीएमपी प्रोफाइल १
परमिट
रेंज २३९.०.०.५

आणि त्या पोर्टवर आयपी आयजीएमपी फिल्टर १. पण याने जॉइन अडतो; स्नूपिंग (जॉइन ऐकून कोणत्या पोर्टला काय द्यायचं ते स्विचने ठरवणं) बंद असेल तर स्विच सगळ्या पोर्टना वाटतोच. स्नूपिंग चालू आणि व्हीलॅनमध्ये क्वेरी ('अजून कोणाला ग्रुप हवाय?') विचारणारा कोणी नाही, ही तिसरी तऱ्हा: चित्र सुरू होतं आणि चार-पाच मिनिटांनी थांबतं. ज्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर पीआयएम आहे तिथे राउटरच क्वेरी सोडतो, बाकीच्यांत आयपी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरिअर लागेल.

---

सातपूर_एल३

वरच्या दोघांनी बहुतेक सांगितलंय. दोन गोष्टी राहिल्या आणि दोन्ही तुम्हाला लागू आहेत.

एक, सिन्नरचे सहा कॅमेरे. आरपी अंबडला आहे. सिन्नरचा कॅमेरा पाठवायला लागला की तिथला राउटर ते पॅकेट पीआयएम रजिस्टरमध्ये गुंडाळून थेट १०.२०.२५५.१ ला धाडतो. बाहेरून बघाल तर ते युनिकास्ट, राउटर ते आरपी, प्रोटोकॉल १०३. ग्रुपचा पत्ता आतल्या पाकिटात. बाउंड्रीला तो दिसत नाही, डेस्टिनेशनमध्ये २३९ शोधणाऱ्या एक्स्टेंडेड लिस्टलाही नाही. अंबडला कोणी बघणारा नसेल तर आरपी लगेच रजिस्टर-स्टॉप पाठवतो आणि प्रकरण मिटतं. पण बघणारा असेल तर गंमत होते: आरपी सिन्नरकडून सरळ प्रवाह मागतो, बाउंड्री तो अडवते, सरळ प्रवाह येईना म्हणून रजिस्टर थांबेना. सहा कॅमेऱ्यांचे २४ एमबीपीएस पाकिटातून लाइनवर चालूच, आणि दोन्ही राउटरना गुंडाळण्या-सोडण्याचं काम वेगळं.

उपाय आरपीवर, म्हणजे अंबडला:

ॲक्सेस-लिस्ट १३० परमिट आयपी १०.३०.०.० ०.०.२५५.२५५ होस्ट २३९.०.०.५
आयपी पीआयएम ॲक्सेप्ट-रजिस्टर लिस्ट १३०

इथे एक्स्टेंडेड लिस्टमध्ये सोर्स म्हणजे पाठवणारा, डेस्टिनेशन म्हणजे ग्रुप. यादीत नसलेल्याला आरपी तत्काळ रजिस्टर-स्टॉप देतो. सिन्नरच्या माइकवरून होणारी सूचना तेवढी आत येईल. हे फक्त सिन्नरकडून येणाऱ्या रजिस्टरांसाठी बरं का. अंबडचे सोर्स आरपीच्याच राउटरला चिकटलेत, त्यांचं रजिस्टर तारेवर येतच नाही, त्यांना ताईंची १४० सारखी लिस्टच हवी.

दोन, तुमचा स्पीकरचा ग्रुप. २३९.०.०.५ हा पत्ता ज्याने कोणी दिला त्याने इथरनेटचा विचार केलेला नाही. मल्टिकास्ट आयपीवरून मॅक (इथरनेटचा पत्ता) बनतो तो ०१-००-५ई ला आयपीचे शेवटचे २३ बिट जोडून. वरचे ९ बिट गळतात, त्यातले पहिले ४ सगळ्यांचे सारखेच, म्हणजे एका मॅकवर ३२ आयपी येतात. २३९.०.०.५ चा मॅक होतो ०१-००-५ई-००-००-०५. आणि २२४.०.०.५, म्हणजे ओएसपीएफ, त्याचाही तोच! स्विच ०१-००-५ई-००-००-एक्सएक्स ही अख्खी रांग राउटिंग प्रोटोकॉलची समजून स्नूपिंग असूनही सगळ्या पोर्टना वाटतात. त्यामुळे स्पीकरची सूचना त्या व्हीलॅनमधल्या प्रिंटर, पीएलसी, सगळ्यांच्या दारात जाते. जी.७११ चा आवाज आहे, ८०-९० केबीपीएसच्या आत, लाइन भरणार नाही. पण वर एसीएल कितीही घासली तरी खाली हे थांबणार नाही.

ग्रुप २३९.१०.५.१ करा. मॅक होईल ०१-००-५ई-०ए-०५-०१. नवे पत्ते वाटताना २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x दोन्ही टाळा, दुसऱ्याचीही शेपूट तीच निघते. २३९.१०.५.१ वापरलात तर २३९.१३८.५.१ दुसऱ्या कामाला देऊ नका, मॅकवरून छाटणाऱ्या स्विचला दोन्ही एकच.

पत्ते बदलायला बसलाच आहात तर गेटचे कॅमेरे २३९.१०.२.० मध्ये हलवा. आज .१ आणि .२ साठी दोन ओळी, उद्या तिसरं गेट झालं की तिसरी. वेगळी रांग असेल तर परमिट २३९.१०.२.० ०.०.०.२५५ एकदा लिहिलं की झालं. एसीएल छोटी ठेवायची तर पत्ते देतानाच विचार करावा लागतो, नंतर नाही.

---

अंबड_नेटवर्क

सर्वांचे आभार. क्रमाने केलं. स्पीकर २३९.१०.५.१ वर हलवले, गेटचे कॅमेरे २३९.१०.२.१ आणि २३९.१०.२.२ वर. लिस्ट २१ मध्ये आता दोनच ओळी, २३९.१०.५.१ आणि २३९.१०.२.० ०.०.०.२५५. २२ आणि १३० मध्येही स्पीकरचा नवा पत्ता घातला. बाउंड्री, आयजीएमपी फिल्टर, ॲक्सेप्ट-रजिस्टर लावले. सिन्नरला 'सगळे कॅमेरे' उघडून ठेवूनही लाइनवर मल्टिकास्ट ४ एमबीपीएसच्या आसपास. ओएसपीएफ, पीआयएम शेजारी जागेवर.

पण ४ का, ८ हवेत. गेट एक दिसतोय, गेट दोन काळा. तो कॅमेरा नवीन बसवलाय, आधी सिन्नरला कधी बघितलाच नव्हता. अंबडच्या एमराउटमध्ये २३९.१०.२.२ च्या स्टार-नोंदीत (सोर्स न धरता फक्त ग्रुपची नोंद) सिन्नरचा इंटरफेस आहे, म्हणजे बाउंड्रीने अडवलेलं नाही ना?

---

तपोवन_ताई

नाही, आउटगोइंग यादीत इंटरफेस आलाय म्हणजे जॉइन पोचला, हद्दही मोकळी. आता एसीएल सोडा आणि कॅमेऱ्याच्या मल्टिकास्ट सेटिंगमध्ये टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकने घटणारा पॅकेटमधला आकडा) बघा. पुष्कळ कॅमेरे कारखान्यातून टीटीएल १ घेऊन येतात. त्याच व्हीलॅनमध्ये चित्र छान दिसतं, राउटर मात्र १ चं पॅकेट पुढे टाकत नाही. तुमच्या वाटेवर दोन राउटर आहेत, म्हणून किमान ३ हवा: अंबडला २ होतो, सिन्नरला १, आणि पीसीपर्यंत पोचतो. २ ठेवलात तर सिन्नरच्या राउटरवर संपेल. खात्री करायची तर कॅमेऱ्याच्या स्विचवर पोर्ट मिरर करून वायरशार्कमध्ये आयपी हेडरचा टाइम टू लिव्ह वाचा, दोन मिनिटांचं काम. बरेच कॅमेरे सेटिंग बदलल्यावर स्ट्रीम बंद-चालू केल्याशिवाय नवा टीटीएल घेत नाहीत.

---

मेनरोडचा_मोडेम

मग टीटीएलनेच अडवा की सगळं! इंटरफेसला आयपी मल्टिकास्ट टीटीएल-थ्रेशोल्ड १६ दिलं आणि कॅमेऱ्यांना ८ ठेवलं की हद्द तयार, लिस्टच नको.

---

सातपूर_एल३

ही जुनी पद्धत. ग्रुपनिहाय हद्द २३९ च्या रांगेवर आखायची कल्पना १९९८ च्या आरएफसी २३६५ (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) मध्ये आली, ती टीटीएलच्या याच त्रासामुळे. थ्रेशोल्डवर अडलेल्या पॅकेटने जॉइन अडत नाही, म्हणजे वर गोदाकाठचा_पॅकेट म्हणाले तसा डेटा दारापर्यंत येऊन मरतो. शिवाय ४८ कॅमेऱ्यांचा टीटीएल हाताने सांभाळायचा. एक फर्मवेअर अपडेट झालं, डिफॉल्ट परत आलं, की हद्द फुटली. एसीएल एका जागी आहे, ती बरी.

---

त्र्यंबकरोड_आयपीटीव्ही

विषयाला धरूनच विचारतो. हॉटेलात मायक्रोटिकचा राउटर आहे, राउटरओएस ७. टीव्हीचे ग्रुप २३९.२०.०.०/१६, आयजीएमपी प्रॉक्सीने (टीव्हीचे जॉइन वरच्या राउटरकडे पोचवणारा मध्यस्थ) येतात. पाहुण्यांच्या वाय-फायच्या व्हीलॅनला ते नको आहेत. तिथे बाउंड्रीसारखं काही आहे का?

---

गोदाकाठचा_पॅकेट

पहिली गोष्ट, पाहुण्यांचा व्हीलॅन प्रॉक्सीच्या इंटरफेसच्या यादीतच घालू नका. यादीत ऑल असेल तर ते काढून अपस्ट्रीम आणि टीव्हीचा व्हीलॅन असे दोनच लिहा. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

वर कुलूप म्हणून फायरवॉल. राउट होणारा मल्टिकास्ट फॉरवर्ड चेनमधून जातो:

/आयपी फायरवॉल फिल्टर ॲड चेन=फॉरवर्ड डीएसटी-ॲड्रेस=२३९.२०.०.०/१६ आउट-इंटरफेस=व्हीलॅन-गेस्ट ॲक्शन=ड्रॉप

एस्टॅब्लिश्ड-रिलेटेड ॲक्सेप्टची ओळ याच्या वर असली तरी बिघडत नाही. मल्टिकास्टला उलट उत्तर येत नाही, म्हणून कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये तो कायम न्यू राहतो. पण याचीच दुसरी बाजू लक्षात ठेवा: टीव्हीच्या व्हीलॅनसाठी वेगळी ॲक्सेप्ट लागते, नाहीतर शेवटच्या सरसकट ड्रॉपमध्ये टीव्हीही जातो. आणि इनपुट चेनमध्ये प्रोटोकॉल=आयजीएमपी ॲक्सेप्ट हवं, नाहीतर टीव्हीचा जॉइन राउटरला ऐकूच येणार नाही.

टीव्ही आणि वाय-फाय एकाच ब्रिजवर, एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर यातलं काही चालणार नाही, ब्रिजच्या आतली पॅकेट आयपी फायरवॉलला दिसत नाहीत. व्हीलॅन आधी वेगळे करा आणि ब्रिजवर आयजीएमपी-स्नूपिंग=येस. वाय-फायवर मल्टिकास्ट पोच न घेता आणि कमी वेगाने जातो, त्यामुळे एक टीव्ही चॅनल चुकून तिथे गेलं तरी सगळ्या पाहुण्यांचं नेट बसतं. तक्रार 'इंटरनेट स्लो' अशीच येईल, मल्टिकास्टचं नाव कोणी घेणार नाही.

---

अंबड_नेटवर्क

ताई, टीटीएल १ च होता. ८ केला, स्ट्रीम बंद करून चालू केली, गेट दोन दिसला. लाइनवर मल्टिकास्ट आता ८ एमबीपीएस.

एक शेवटचं. लिस्ट २२ मध्ये जुनी २३९.०.०.५ ची ओळ अजून आहे. नो ॲक्सेस-लिस्ट २२ परमिट २३९.०.०.५ असं दिलं की तेवढीच जाईल ना?

---

गोदाकाठचा_पॅकेट

थांबा, देऊ नका! नंबरच्या लिस्टवर ग्लोबल मोडमधून असा नो दिलात तर ओळ नाही, अख्खी लिस्ट उडते. असं करा:

आयपी ॲक्सेस-लिस्ट स्टँडर्ड २२
नो १०

१० हा त्या ओळीचा क्रमांक, आधी शो आयपी ॲक्सेस-लिस्ट २२ मध्ये बघून घ्या. १३० मध्येही जुनी ओळ असेल तर तीच रीत, फक्त स्टँडर्डच्या जागी एक्स्टेंडेड.

सिन्नरच्या राउटरवर पुढे काही करायचं असेल तर आधी रीलोड इन १० देऊन ठेवा. लाइन तुटली तर दहा मिनिटांत राउटर जुन्या कॉन्फिगवर उठेल, माळेगावला गाडी काढावी लागणार नाही. दहा मिनिटं होईपर्यंत राइट मेमरी (कॉन्फिग सेव्ह) करू नका, नाहीतर चुकलेलंच कॉन्फिग घेऊन उठेल. आणि सगळं ठीक दिसल्यावर आधी रीलोड कॅन्सल, मग राइट मेमरी. सेव्ह केल्याने टायमर थांबत नाही.